गावची खोली आणि सतरा किल्ल्या

माझ्या धाकट्या दिराने आमच्या गावाला फसवलं. लालबागच्या चाळीतली गावची खोली त्याने एकट्याच्या सहीने बिल्डरच्या हवाली केली आणि तिच्या बदल्यात नव्या इमारतीत मिळालेला फ्लॅट स्वतःच्या नावावर करून घेतला. हे मी त्याच्या तोंडावर बोलले आहे, त्याच्या बायकोसमोर बोलले आहे आणि सरकारी कचेरीत प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं आहे. त्यामुळे इथे लिहायला मला कोणाची भीती नाही.

गावची खोली म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. पूर्वी लागत नसे. कोकणातल्या एका गावचे पुरुष गिरणीत कामाला येत आणि सगळे मिळून चाळीत एक खोली भाड्याने घेत. बायका-मुलं गावी. खोलीत भिंतीला लागून ओळीने पत्र्याच्या पेट्या, प्रत्येक पेटीवर गुंडाळलेली वळकटी. पहिल्या पाळीचे कामावर गेले की रात्रपाळीचे त्यांच्याच जागेवर आडवे होत. माणसाची जागा म्हणजे त्याच्या पेटीची जागा. "त्याची पेटी आमच्या खोलीत आहे" असं कुणी म्हणालं की तो माणूस आपल्या गावचा, हे कळायचं.

आमच्या गावची अशी खोली दुसऱ्या मजल्यावर होती. तिच्या पलीकडे दोन दारं सोडून माझी खोली. माझा नवरा गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा. लग्न होऊन मी मुंबईत आले ती सातवी पास होऊन आले आणि वर्षाच्या आत खानावळ सुरू केली. गावच्या खोलीतले सगळे माझ्याकडे जेवायचे. दर, वजन, मासळी, लाकूड, कशातही मला कुणी गुंडाळलेलं नाही. माझं तोंड वाईट आहे हे मला माहीत आहे. त्या तोंडावरच मी चाळीस वर्षं पोळ्या-भात पुरवला.

खोलीची भाडेपावती सुरुवातीला गावच्या एका म्हाताऱ्या मुकादमाच्या नावावर होती. तो थकला तेव्हा गावकऱ्यांना चिंता पडली, उद्या याचे मुलगे आले आणि खोली आमची म्हणाले तर? म्हणजे बघा, धोका त्यांना तेव्हाच दिसला होता. ते अडाणी नव्हते. युनियनच्या एका जाणत्या माणसाने सल्ला दिला की गावच्या मंडळाचा ट्रस्ट करा, सरकारात नोंदवा आणि पावती ट्रस्टच्या नावाने करून घ्या. तसं केलं. ट्रस्टचा कागद झाला, त्यात लिहिलं, "मुंबईत गिरणीकामासाठी आलेल्या गावकऱ्यांच्या राहण्याची सोय करणे." पाच विश्वस्त नेमले. कुठलाही निर्णय घ्यायचा तर पाचांपैकी तिघांच्या सह्या लागतील, असंही लिहिलं.

पाचांपैकी चार जण गावातल्या चार मानाच्या घरांतले वडीलधारे. पाचवा मान आमच्या घराचा. तो खरं तर माझ्या नवऱ्याचा, थोरला तो. पण नवरा म्हणाला, "धाकट्याचं अक्षर चांगलं आहे. कागदपत्रं त्यालाच लिहायची आहेत. त्यालाच होऊ दे." मी उंबऱ्यावर चहाचं पातेलं घेऊन उभी होते. मला ते आवडलं नव्हतं. पण बायकांनी सभेत बोलायची रीत नव्हती, म्हणून मी चहा ओतला.

पाच नावं रंगवून पाटी खोलीत लावली. दरवर्षी सत्यनारायणाला पाचही जणांच्या हातात मानाचा नारळ द्यायचा, ही प्रथा तेव्हापासून पडली. आणि सगळा घोटाळा त्या नारळात झाला. ते पुढे सांगते.

मग गिरण्यांचा संप आला. पहिले दोन-तीन महिने माणसं आज मिटेल, उद्या मिटेल म्हणत खोलीतच बसून होती. नंतर एकेक गावी निघाली. पेटी घेऊन जायची म्हणजे परत यायचं नाही असं होईल, म्हणून पेट्या इथेच ठेवल्या. प्रश्न किल्ल्यांचा. खोलीत राहणारे चार-पाचच उरणार, त्यांच्या भरवशावर सतरा पेट्या. तेव्हा विश्वस्तांतले सगळ्यांत म्हातारे होते ते म्हणाले, "खोलीत राहतो त्याच्याकडे किल्ली नको. ज्याला पेटीतलं काही लागणार नाही त्याच्याकडे द्या." आणि सतरा किल्ल्या जाड सुताच्या दोरीत ओवून माझ्या हातात आल्या. प्रत्येक किल्लीला कापडाची चिंधी, चिंधीवर शाईने खूण. माझ्या दिराची निळी चिंधी. तोही गावी गेला.

पहिल्याच पावसाळ्यात खोलीचं छप्पर गळायला लागलं. खोलीत तेव्हा मामा होते. आमच्याच गावचे विणकर, लग्न केलेलं नाही, गावी भाऊबंदांत जमीनही नाही. सगळे त्यांना मामाच म्हणायचे. त्यांनी आणि मी पेट्या ओढत माझ्या खोलीत आणल्या, एकावर एक रचल्या. दिराच्या पेटीचा तळ गंजला होता, आत पाणी शिरलं होतं. हलवली की आवाज यायचा. मामा म्हणाले, "उघड गो, कपडे कुजतले." मी नाही उघडली. दिराला कार्ड टाकलं. नऊ दिवसांनी उत्तर आलं, उघड. तेव्हा मामांना साक्षीला बसवून उघडली. एकेक वस्तू कागदावर लिहिली, वाळत घातली आणि यादीप्रमाणे परत ठेवली.

दोन शर्ट, एक धोतर, लग्नातला कोट, पत्रं. आणि धोतरात गुंडाळलेली एक लाकडी पाटी. दारावर लावायची. तिच्यावर कोरलेल्या अक्षरांत माझ्या दिराचं नाव.

मुंबईत त्याला दार नव्हतं. बायको-मुलं गावी, तो गावच्या खोलीत एका पेटीएवढ्या जागेत. तरी त्याने केव्हातरी, कुठूनतरी पाटी करून घेतली होती आणि कोणाला न दाखवता ठेवली होती. मी यादीत लिहिलं, "पाटी एक." मामा म्हणाले, "ह्या कोणाक बोला नको." मी आजवर बोलले नव्हते.

संप मिटला असं कधी झालंच नाही. तो विरत गेला. काही जण परत आले, बहुतेकांना गिरणीने घेतलं नाही. काही फक्त पेटी न्यायला आले. माझ्याकडून किल्ली घ्यायचे, पेटी उघडून बघायचे, सगळं जागच्या जागी. एक जण माझ्या पाया पडायला वाकला तेव्हा मी त्याला चांगलं झापलं होतं, "मेल्या, पाया कसला पडतोस, मी काय देवी आहे? जेवून जा." दोरीवरच्या किल्ल्या एकेक करत कमी झाल्या. दिराने दोन वर्षांनी येऊन निळ्या चिंधीची किल्ली घेतली. पाटीचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही.

त्यानंतर चार वर्षांनी माझा नवरा वारला. खानावळ चालूच होती. गिरणीतले गेले तर ऑफिसचे आले, डबे सुरू झाले. गावच्या खोलीत दोघेच उरले, मामा आणि माझा दीर. दीर एका कारखान्यात वॉचमन झाला होता. पण खोली ओस पडली नाही. गावचं कुणी आजारी पडलं की परळच्या हॉस्पिटलांत आणायचे, आणि पेशंटबरोबरचे नातेवाईक उतरायचे गावच्या खोलीत. आज एक, उद्या चार. मी त्यांना पेज-भात द्यायचे. गिरणीसाठी बांधलेली सोय हॉस्पिटलसाठी लागायला लागली. कोणी ठराव केला नाही, कोणी पाटी बदलली नाही, आपोआप झालं.

आता नारळाचं. पाच विश्वस्तांपैकी चार जण एकेक करत वारले. पहिले तर संपाआधीच गेले होते. आमच्याकडे मान घराचा असतो, माणसाचा नाही. बाप गेला की मुलगा पुढे येतो, नारळ त्याच्या हातात जातो. सत्यनारायणाला चार मुलगे विरारहून, भांडुपहून यायचे, नारळ घ्यायचे, प्रसाद घ्यायचे, माझ्याकडे जेवायचे आणि जायचे. त्यांना वाटायचं आपण विश्वस्त झालो. गावालाही वाटायचं. पाटीवरची बापांची नावं कोणी पुसली नाहीत. मेलेल्याचं नाव खोडणं कोणाच्या जिवावर येत नाही? सरकारी नोंदवहीत मात्र नारळाचा रकाना नसतो. हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. एकालाच ठाऊक होतं, कारण कागदपत्रं त्याच्या अक्षरात होती.

बिल्डर आला तेव्हा चाळीतल्या प्रत्येक खोलीशी वेगळी बोलणी झाली. मी त्या लोकांना अडीच महिने माझ्या उंबऱ्यावर बसवलं. त्यांचा एक माणूस म्हणाला, "बाई, इतका त्रास आम्हाला वकिलांनीपण दिला नाही." मी म्हटलं, "वकिलाला तुम्ही पैसे देता. मला कोण देतं?" शेवटी मी सही केली ती तळमजल्यावर खानावळीसाठी गाळा लिहून घेऊनच. ते दिवस मला पूर्वी फुशारकीने आठवायचे. आता आठवतात तेव्हा मला एवढंच दिसतं की दोन दारांपलीकडे गावच्या खोलीचं काय चाललंय, हे मी एकदाही विचारलं नाही. माझा गाळा मिळेपर्यंत मला दुसरं काही दिसत नव्हतं.

इमारत उभी राहिली. ताबा द्यायच्या दिवशी बिल्डरच्या ऑफिसबाहेर यादी लावली होती. मामा भाड्याच्या टेम्पोतून आपली पेटी घेऊन आले. चाळ पाडल्यावर बिल्डरने दिलेल्या तात्पुरत्या जागेत काही वर्षं काढून ते अगदी वाळले होते. यादीसमोर उभे राहून म्हणाले, "गावच्या खोलीचा नंबर खंय हा? खंयच्या मजल्यार?"

मी यादी वाचली. वरून खाली, खालून वर. मंडळाचं नाव नव्हतं. जिथे असायला हवं तिथे माझ्या दिराचं नाव होतं.

दीर जवळच उभा होता. खाली बघत म्हणाला, "मामा, पेटी सध्या वयनीकडे ठेव."

मी टेम्पोवाल्यासमोर, पन्नास माणसांसमोर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मामांची पेटी माझ्या गाळ्यातल्या पोटमाळ्यावर गेली आणि मामाही.

आठवडाभराने मी त्याच्या फ्लॅटवर गेले. बेल वाजवायच्या आधी दारावरची पाटी दिसली. तीच. कोरलेली अक्षरं, एका कोपऱ्याला पाण्याचा जुना डाग. माझा हात बेलवरच थांबला. माझा राग तेवढ्यापुरता कुठे गेला, मला कळलं नाही. मग मी बेल दाबली, त्याने दार उघडलं आणि राग परत आला.

"गावाची खोली खाल्लीस," मी म्हटलं.

"बस आधी वयनी."

"बसायला नाही आले."

"मी चोर नाय," तो म्हणाला. "बारा वर्सां मी सभा लावलंय. वहीत तारखा आसत. कोण इलो? भाडा भरूक कोण इलो? पत्रो गळाक लागलो तेव्हा वर कोण चढलो? नारळ घेवक सगळे. तू तरी इलंस कधी?"

"मला बोलावलं होतंस? बाईमाणसाला?"

"बोलावलंय असतंय तर इली असतंस?"

त्याची बायको आतून पाणी घेऊन आली. तीस-पस्तीस वर्षं गावी एकटीने काढून ती आता पहिल्यांदा नवऱ्याच्या घरात राहत होती. ती एवढंच म्हणाली, "वयनी, माका काय एक म्हायत नव्हता." मी पाणी प्यायले. तिच्यावर राग काढावा अशी ती नव्हती.

"आणि मामा?" मी विचारलं.

तो म्हणाला, "माझा घर खंय हा, ता सांग माका. सगळो जल्म गावच्या खोलीत काढलंय. मरूक तरी माझा दार होया ना?"

मी उठून आले. त्या दिवशी मी बाजारात गेले आणि भाव न करता मासळी घेतली. वरळी कोळीवाड्यातली माझी नेहमीची कोळीण, तीस वर्षांची आमची भांडणं, ती टोपली सोडून उठलीच. "काय गो, ताप आलाय का तुला? पापलेटं घेतलीस नि एक शिवी नाय दिलीस!"

मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत ऐकत मासे कापत होती. मग सुरी बाजूला ठेवून म्हणाली, "आमच्या देवळाच्या ट्रस्टचं असंच झालेलं. रडत काय बसतेस? आधी कचेरीत जा नि उतारा काढ. कोणाकोणाची नावं लावलेली आहेत ते बघ. त्याच्याशिवाय भांडशील तर हवेत भांडशील." आणि पुढे म्हणाली, "भाव कर आता. तुझे असे पैसे नको मला."

तिनेच गिरगावातल्या एका वकीलबाईंचा पत्ता दिला. त्यांच्याशी पहिल्यांदा फीवरून माझी चांगली जुंपली, पण त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "बसा. तुम्हाला समजेल असं सांगते."

"मला समजेल असं नको. आहे तसं सांगा."

त्या हसल्या आणि आहे तसं सांगितलं. ट्रस्टमध्ये तीन बाजू असतात. एक देणारा. एक सांभाळणारा, तो विश्वस्त. आणि ज्याच्यासाठी सांभाळायचं तो लाभार्थी. कागदावर वस्तू विश्वस्ताच्या हातात असते, पण ती त्याची नसते. तिचा फायदा त्याने स्वतःसाठी घ्यायचा नाही.

"म्हणजे पेटीची किल्ली," मी म्हटलं.

त्यांना कळेना. मी संपातल्या सतरा किल्ल्यांची गोष्ट सांगितली, खोलीत राहणाऱ्याकडे किल्ली नको म्हणून ती माझ्याकडे कशी आली, तेही. त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या म्हाताऱ्यांनी विश्वस्ताचा कायदा एका वाक्यात सांगितला. तोच त्यांनी खोलीला लावला असता तर?"

मग मी विचारलं, "त्याने इतकी वर्षं भाडं भरलं, छप्पर दुरुस्त केलं, त्याचं काय?"

"केलेला खर्च विश्वस्ताला मागता येतो. वस्तू ठेवून घेता येत नाही."

हे वाक्य मी घरी येऊन लिहून ठेवलं.

वरळीच्या धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीतला कारकून सज्जन होता. त्याने जाड नोंदवही काढली. आमच्या मंडळाचं पान पिवळं पडलेलं, त्यावर पाच नावं. पहिल्यापासून तीच.

"यातले हयात किती?" त्याने विचारलं.

"एक."

"बाकीचे कधी वारले?"

"पहिले तर संपाआधीच."

त्याने चष्मा वर केला. "मग बदल अर्ज? विश्वस्त गेला, नवा नेमला, की तसा अर्ज करायचा असतो. मुदतीत. केला होता?"

"नारळ दिला," मी म्हटलं.

"कसला नारळ?"

मी सांगितलं. तो हसला नाही, याबद्दल मी त्याची आजही आभारी आहे. शेजारचा मात्र हसला, त्याला मी एका नजरेत गप्प केलं. कारकून म्हणाला, "बाई, तुमचं एकटीचं नाही. इथे निम्म्या पानांवर मेलेली माणसं आहेत. माणसं देवाला कळवतात, आम्हाला कळवत नाहीत." मग त्याने जे सांगितलं ते असं. नोंदवहीच्या हिशेबाने चार मुलगे कोणीच नव्हते. हयात विश्वस्त एकच, माझा दीर. पण तिघांच्या सह्यांशिवाय निर्णय नाही, हे मूळ कागदात लिहिलेलं. शिवाय ट्रस्टची जागा सोडायची तर आधी सरकारी परवानगी लागते. तीही घेतलेली नाही. आणि पुढे वकीलबाईंनी कागद मागवले तेव्हा कळलं, बिल्डरला दिराने लिहून दिलं होतं की मंडळ बंद पडलंय आणि खोली आता त्याच्या एकट्याच्या ताब्यात आहे.

तक्रार करायला ट्रस्टशी संबंध असलेली निदान दोन माणसं हवी होती. मी त्या चार मुलग्यांना बोलावलं. माझ्या गाळ्यात बसून चौघांनी पोटभर जेवण केलं आणि मग एक म्हणाला, "काकी, घरातलंच माणूस आहे. कोर्टकचेरी कशाला?"

"नारळ घेताना तुम्ही घरातले नव्हतात. तेव्हा विश्वस्त होतात," मी म्हटलं.

दुसरा म्हणाला, "आणि ट्रस्ट गिरणी कामगारांसाठी होता ना? गिरण्याच कुठे आहेत आता?"

हेच बिल्डरच्या वकिलानेही पुढे मांडलं. गिरणी नाही, कामगार नाहीत, मग ट्रस्टचा हेतूच संपला. यावर वकीलबाईंनी सांगितलं की हेतू जुना झाला म्हणून ट्रस्ट मरत नाही. परवानगी घेऊन जवळचा हेतू लावता येतो. गावकऱ्यांची राहण्याची सोय हा मुद्दा, गिरणी हे तेव्हाचं निमित्त. मी हॉस्पिटलसाठी उतरलेल्या गावकऱ्यांची नावं द्यायला बसले. खानावळीच्या वह्यांत सगळी होती, कोणाला किती दिवस पेज दिली ते. दोन रात्री न झोपता लिहून काढली.

चौघांपैकी कोणी सही केली नाही. मामांनी केली. पण सही करण्याआधी त्यांनी मला बजावलं. "तो वायट नाय. ह्या ध्यानात ठेव. आजारपणात माका त्याने रात्रभर बसून शेकलेला हा."

"म्हणून तुमची जागा घ्यायची?"

"मी तसा म्हणूक नाय. तो वायट नाय, इतक्याच म्हणतंय." आणि त्यांनी वळणदार अक्षरात सही केली.

चौकशी झाली. निरीक्षक आले, त्यांनी अहवाल दिला, खोली ट्रस्टचीच होती. आमच्या अर्जावर नवे विश्वस्त नेमले गेले. आता नोंदवहीत पाच जिवंत नावं आहेत, त्यांत दोन बायका आहेत आणि एक मी आहे. बदल अर्ज मी स्वतः मुदतीत दिला, त्याची पोच लॅमिनेट करून गाळ्यात लावली आहे. मामांनी पहिल्या सभेत मंडळाची पाटी नव्याने रंगवायला सांगितली. जुनी चार नावं पुसायची नाहीत, त्यांच्यापुढे "कैलासवासी" लिहायचं आणि खाली नवी लिहायची. तसं केलं.

फ्लॅटचा निकाल मात्र लागायचा आहे. तारखा पडतात. पहिल्या दोन तारखांना दीर आला, कोपऱ्यात बसला. नंतर आलाच नाही.

निकालाची वाट न बघता मी एक गोष्ट केली जी मी आयुष्यात कधी केली नव्हती. भाव करायच्या आधीच माझ्या बाजूचं सगळं टेबलावर ठेवलं. नव्या विश्वस्तांना पटवलं आणि त्याच्या दारात जाऊन सांगितलं, "तू इतकी वर्षं केलेला खर्च गाव तुला देईल. वही आण, मान्य करू. मंडळाच्या पाटीवर तुझं नाव पहिलं राहील. तू आणि तुझी बायको आयुष्यभर त्या फ्लॅटमध्ये राहा, कचेरीची परवानगी मी काढते. फक्त फ्लॅट ट्रस्टच्या नावावर कर. एक खोली मामांना आणि पेशंटच्या माणसांना दे. दारावरची तुझी पाटीही काढू नकोस."

त्याने दार अर्धं उघडं ठेवूनच ऐकलं. मग म्हणाला, "विचार करतंय." आणि दार लावलं. याला दोन पावसाळे झाले.

मामा आता ऐंशीच्या पुढे आहेत. पोटमाळ्यावर चढताना त्यांना मागून धरावं लागतं. तिथे त्यांचं डोकं छताला लागतं. मी त्यांना खाली माझ्या पलंगावर झोपा म्हणते, तर म्हणतात, "पेटी वर आसा मगे मी खाली कसो?" रोज सकाळी चहा घेताना ते तेच विचारतात, "काय म्हणता तो?" मी रोज काहीतरी सांगते. खोटं सांगायचा मला आता कंटाळा आला आहे.

म्हणून हे लिहिलं. भावोजी, तोंडावर तू म्हणते, पण कागदावर मान ठेवते; माझ्या घरातून हे तुमच्याकडे पोचेल हे मला माहीत आहे. तुम्ही बारा वर्षं एकट्याने सभा लावल्या आणि कोणी आलं नाही, हा गावाचा गुन्हा आहे. त्यात मी आहे आणि मी तो कचेरीत लिहून दिला आहे. त्याचं उत्तर गाव देईल. पण पावसात तुमची पेटी कुजत होती आणि किल्ली माझ्या कमरेला होती. तरी मी नऊ दिवस थांबले आणि तुम्हाला विचारून उघडली. गावची खोली उघडताना तुम्ही कोणाला विचारलं? पुढच्या तारखेला या. मामा पुढच्याच बाकावर बसलेले असतील. त्यांच्याकडे बघून सांगा.